नामंजूर म्हणायची शिकवणी

भीमाशंकरच्या डोंगरात सरुबाईंच्या गावाची देवराई आहे. ती तोडायला ठेकेदाराला फक्त ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि सभा सोमवारी होती. मी बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या देवराईतल्या झाडांची नोंद करायला मी सरुबाईंच्या घरी राहिले होते, म्हणून सरुबाई आणि गावातली बाकीची महादेव कोळी मंडळी सल्ला विचारायला एसटीने माझ्याकडे आली. मला सभांमधलं काही कळत नाही. मी त्यांना माझ्या गावी, बावड्याला, दत्तोबातात्यांकडे नेलं.

साखर कारखान्याची वार्षिक सभा उधळण्यात तात्यांचा हात धरणारा इंदापूर तालुक्यात कोणी नव्हता. त्यांनी पाहुण्यांना समजावलं की अध्यक्ष ठराव वाचायला लागले की पुढची रांग 'मंजूर, मंजूर' ओरडते आणि सभा संपते. त्याच्या आत आपण 'नामंजूर' ओरडायचं. माइक ओढून घेणं हा पुढचा धडा.

अंगणात सतरंजी पडली. तात्या अध्यक्ष होऊन बाजेवर बसले. मंजूर म्हणायला त्यांचे भाऊ रावजी होते. कारखान्याच्या सभेत ते खरोखरच पुढच्या रांगेत बसत. ठराव वाचून झाला, मंजूर झाला, चहा आला. पाहुणे गप्पच.

"अवं, वरडा की," तात्या म्हणाले.

"तुमचं बोलणं संपू द्या म्हटलं," सावळाराम म्हणाले. ते त्या गावचे भगत. दुसऱ्याला मधेच तोडणं त्यांच्यात फार वाईट मानतात.

पुन्हापुन्हा तेच झालं. तात्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, आतून शेरा मारला की ह्यांचं इतकं कुणी आजवर ऐकून घेतलं न्हाय.

शेवटी तात्यांनी थकून विचारलं, तुमच्यात ठरवतात तरी कसं? सरुबाईंनी सांगितलं की देवराईचा विषय असला की प्रत्येकाने देवासमोर एकेकट्याने बोलायचं. सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. ज्याने ठराव मांडला तोच उठला, तर ठराव पडला. मग त्या रावजींसमोर जाऊन बसल्या.

"दादा, तुम्ही मंजूर म्हणालात. पहिलं कुठलं झाड तोडू?"

रावजींना इतक्या वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. सरुबाई वाट पाहत राहिल्या. त्यांना काही घाई नव्हती. बऱ्याच वेळाने रावजी म्हणाले, "मला इचार करू द्या."

मग सावळाराम बोलायला लागले. ते पणजोबापासून निघाले आणि आजोबांपर्यंत आले, तेवढ्यात विहिरीवर लाईट आली. तात्यांच्या उसाला पाण्याची पाळी होती. ते बाजेवर चुळबुळले, घसा खाकरला, आणि शेवटी मोटार चालू करायला उठले.

"तात्या उठले," सरुबाई शांतपणे म्हणाल्या. "देवराई राहिली."

तात्या तिथेच थांबले. मग हसत म्हणाले, "जावा तुमी. शिकवणी संपली."

सोमवारची ग्रामसभा मंगळवारी दुपारी संपली. मी तिथे होते. ठेकेदाराने ओरडायला जीप भरून माणसं आणली होती. सरुबाईंनी त्यांनाही एकेकाला समोर बसवून झाड विचारलं. ठराव मांडला होता ठेकेदाराने, आणि तो जेवायला म्हणून रात्रीच उठला होता.

हे सांगायला मी बावड्याला गेले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही मधे न बोलता. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, सरुबाईंना आपल्या कारखान्याचं सभासद करून घेता यील का.

"नामंजूर," ओट्यावरून रावजी म्हणाले.