सर्वांत भरवशाची मेंढी

राज्य कोणतेही असो, ते टिकते एकमेकांवरच्या विश्वासावर, असे आयझिरेक ठासून सांगे. तिचे स्वतःचे राज्य सोनकुल सरोवराकाठच्या कुरणात चरत होते आणि त्याला एकूण दहा शेपट्या होत्या.

दहा मेंढ्या, प्रत्येकीच्या गळ्यात ती कुठे आहे हे कळवणारे एक यंत्र. दूरच्या टॉवरपर्यंत ओरडायचे तर बॅटरी लवकर संपते. म्हणून नऊ जणींनी जवळच्या एकीच्या कानात कुजबुजायचे आणि त्या एकीने, म्हणजे मुखियाने, सगळ्यांच्या वतीने ओरडायचे. मुखिया यंत्रेच ठरवत. जी निरोप गिळत नाही तिला शेजारणी गुण देत. गुण भरपूर आणि बॅटरी भरलेली, ती मुखिया. महिनाभर हा मान एका लठ्ठ मेंढीकडे होता. ती उन्हात बसून राही आणि हलायचे नाव काढत नसे.

आज राजधानीतून झेनिशसाहेब पाहणीला आले होते. त्यांची सही मिळाली तर या यंत्रांचे काम पुढे चालणार. नाहीतर आयझिरेकचे तीन उन्हाळे पाण्यात.

यर्टच्या गोल लोकरी तंबूत बसून तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दहाही मेंढ्या गप्प.

"मुखिया कुठाय?" साहेबांनी विचारले.

तेवढ्यात कळपाचे मालक तुर्दुमामबेत आजोबा वाफाळते ताट घेऊन आले आणि रिवाजाप्रमाणे मेंढीचे मुंडके पाहुण्यापुढे ठेवले.

आयझिरेक ताटावर वाकली. "आजोबा, ही कुठली कापलीत?"

"तुझीच की, पहिल्या नंबरची."

"कळपात दोनशे मेंढ्या आहेत हो!"

"मग? सगळ्यात भरवशाची हीच, असं तूच म्हणतेस ना रोज? पाहुण्याला काय बेभरवशाची वाढू?"

"आणि तिचं यंत्र?"

"लोखंडी पेटीत. आत्ताच कुलूप घालून आलो. तुझ्यासारखं कुठंही टाकत नाही मी."

म्हणजे बाहेर नऊ जणी अजूनही त्या पेटीकडे इमानाने कुजबुजत होत्या आणि लोखंडातून पुढे काहीच जात नव्हते. आयझिरेकने साहेबांना कुमिस, घोडीचे आंबवलेले दूध, ओतला. मग आणखी ओतला. चौथ्या वाडग्याला लॅपटॉपचा पडदा जागा झाला. उत्तर येईना म्हणून यंत्रांनी जुन्या मुखियाचे गुण कापत कापत शून्यावर आणले होते आणि एका लंगड्या मेंढीला गादीवर बसवले होते. नऊ ठिपके लुकलुकू लागले.

"किती वेळ लागला नवा नेमायला?" साहेबांनी डोळे विस्फारून विचारले.

"अकरा मिनिटं."

"आमच्या खात्यात दोन वर्षं खुर्ची रिकामी आहे." त्यांनी पेन काढले.

आजोबा खूश झाले. त्यांनी मुंडक्यातला एक डोळा मानाचा घास म्हणून अलगद काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि मीठ आणायला वळले. साहेब घाईघाईने आयझिरेककडे झुकले.

"सही करतो, बाई. तेवढा हा डोळा रुमालात घ्या ना तुमच्या."