त्यांचे अकरा

‘चावी द्या, ताई,’ मी तिसऱ्यांदा म्हणालो.

ताईंनी चावी चष्म्याच्या डबीत टाकली, डबी पर्समध्ये ठेवली, पर्स मांडीवर घेतली आणि वर दोन्ही हात ठेवून बसल्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. तिकडे राजधानीत सहा देशांचे वीजमंत्री एका टेबलाभोवती उभे होते, आणि चार मिनिटांपूर्वी सगळ्यांनी मिळून दाबलेल्या बटणाने काही म्हणता काही झालं नव्हतं. बटण दाबलं की आमच्या सीमेवरच्या उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे लाइन चालू-बंद करणारा मोठा स्विच, लागणार, पलीकडच्या धरणाची वीज आमच्या तारांतून वाहू लागणार आणि सहा देशांचा एकच वीजबाजार सुरू झाल्याचं जाहीर होणार, असा कार्यक्रम होता. पण ताईंनी पॅनेलवरचा खटका फिरवून चावी काढून घेतली होती. खटका तसा फिरवला की ब्रेकर आमच्याच खोलीतून लागतो, राजधानीत किती का बटणं दाबेनात. वर त्या खटक्याला त्यांनी लाल कापडाची पट्टी बांधली होती.

ती पट्टी म्हणजे परमिट. लाइनवर माणसं चढायची असली की लाइन बंद करून घ्यायची, खटक्याला पट्टी बांधायची आणि ज्याने लाइन मागितली त्याचं नाव वहीत लिहायचं. मग ज्याने मागितली त्यानेच, जिच्याकडून घेतली तिलाच, आपल्या तोंडाने परत करायची. त्याशिवाय ती पट्टी साक्षात ब्रह्मदेव आला तरी सोडायची नाही. ऑफिसकडून मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोन पावसाळ्यांत पांढऱ्या पडत, म्हणून ताईंच्या यजमानांनी, ते शिंपी होते, पडद्याच्या लाल कापडातून डझनभर पट्ट्या शिवून दिल्या होत्या. काठाला दुहेरी शिलाई होती. नवऱ्याचं एवढं एकच काम आपल्याला वेळेवर मिळालं, असं ताई सगळ्यांना सांगत.

ताई इथल्या ऑपरेटर होत्या. मी त्यांचा इंजिनिअर, म्हणजे कागदावर साहेब. त्यांची नोकरी सव्वीस वर्षांची, माझी चार. मी आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला यार्डभर फिरवून कुठे हात लावायचा नाही ते दाखवलं होतं. कुठे लावायचा ते पुस्तकात असतं, म्हणाल्या.

पलीकडच्या उपकेंद्रात त्यांच्यासारखाच एक जुना ऑपरेटर होता. ताई त्यांना दादा म्हणत. सव्वीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मध्ये चाळीस मैलांची लाइन, एक सीमा आणि एक काळा फोन. दर तासाला फोन व्हायचा. इकडे भार वाढला की ताई विचारत, दादा, थोडी सोडता का, इस्पितळाची लाइन तुटायला आलीय. तिकडे धरण कोरडं पडलं की दादा विचारत. वरचे लोक नंतर कागद करत बसत. ताईंचे यजमान चेष्टेने म्हणायचे, आमच्या बायकोचा सीमेपलीकडे एक भाऊ आहे, तो फक्त व्होल्ट आणि अँपिअरमध्ये बोलतो.

म्हणून नव्या बाजाराला ताईंचा विरोध होता असं कोणी म्हणालं, तर ते साफ खोटं आहे. उलट त्या खूश होत्या. जे आपण चोरून करत होतो ते आता राजरोस होईल, म्हणाल्या. त्यांचं आणि बाजाराचं बिनसलं ते दोन गोष्टींवरून, आणि दोन्ही गोष्टी माझ्या हातून झाल्या.

पहिली गोष्ट घड्याळाची. पलीकडच्या देशाची वेळ आमच्यापेक्षा अर्धा तास मागे. ताईंनी स्वतः आणून दुसरं घड्याळ भिंतीवर लावलं होतं, त्यांच्या वेळेचं. नव्या बाजारात सहाही देशांच्या व्यवहाराला एकच वेळ, आणि ती योगायोगाने आमची. पाहुणे येणार म्हणून खोलीला रंग दिला, तेव्हा मी ते दुसरं घड्याळ काढून कपाटात टाकलं. ताई फक्त रंग सुकल्यावरही ती जागा गोल फिकटच दिसते, एवढं म्हणाल्या.

दुसरी गोष्ट फोनची. दोन उपकेंद्रांनी परस्पर बोलायचं नाही, सगळं मध्यवर्ती केंद्रामार्फत, असं परिपत्रक होतं. आपापसात बोलून कोणी सौदे करू नयेत म्हणून. ते त्या दिवशी सकाळी दहापासून लागू झालं, आणि दहाच्या ठोक्याला मी काळ्या फोनची पिन काढली.

त्याआधी आठ वाजता दादांचा फोन येऊन गेला होता. एका टॉवरवरची, तार टांगलेली चिनीमातीची तबकडी तडकलीय, समारंभात लाइन पडली तर सगळ्यांची शोभा होईल, अकरापर्यंत लाइन द्या, माणसं चढवतो. ताईंनी लाइन दिली, पट्टी बांधली, वहीत लिहिलं: अकरा, त्यांचे. मला म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये घालताना बघा, त्यांचे अकरा आहेत. मी हो म्हणालो. मी तेव्हा पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होतो. कॉम्प्युटरमध्ये मी अकरा टाईप केलं आणि पुढे काही टाईप केलं नाही.

आमच्या अकराला पडद्यावरची लाल खूण आपोआप हिरवी झाली. काम संपलं, लाइन मोकळी. राजधानीत बटण दाबलं गेलं.

‘अजून अर्धा तास आहे,’ ताई म्हणाल्या.

‘ताई, आता सगळ्यांची वेळ एकच आहे.’

‘बाजाराची असेल. खांबावरच्या माणसाच्या मनगटावर त्याचंच घड्याळ आहे.’

मला तिथेच उमगलं. त्या क्षणी मी फोन उचलून वर सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, अर्धा तास थांबा. फोन वाजत होताच. मुख्य अभियंता होते, राजधानीतून, आणि त्यांच्यामागे सभागृहातली कुजबुज ऐकू येत होती. मी काय म्हणालो ते सांगायला आजही जीभ जड होते. मी म्हणालो, सर, ऑपरेटर ऐकत नाहीत.

त्यांनी ताईंना फोनवर मागितलं. ताईंनी रिसीव्हर कानापासून चार बोटं लांब धरला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. सहा देश बघतायत, थेट प्रक्षेपण चालू आहे, पलीकडची यंत्रणासुद्धा हिरवं दाखवतेय, तुम्ही कोण लागून गेलात. दाखवणारच ती हिरवं, तिने माझंच अकरा वाचलं होतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

‘साहेब, हिरवं दिसणं आणि माणूस खाली उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘दादांनी लाइन माझ्याकडून घेतलीय. ते परत करतील तेव्हा मी लावीन. तोवर तुम्ही मला कामावरून काढू शकता, पण चावी काढून घेऊ शकत नाही. इथे यायला तुम्हाला सहा तास लागतील.’

आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेले गावातले चार प्रतिष्ठित लोक जमिनीकडे बघू लागले. मी पंख्याकडे बघत होतो.

मग मी एवढंच केलं: टेबलाखाली वाकून काळ्या फोनची पिन परत लावली. परिपत्रक धाब्यावर बसवून पलीकडे फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दादा बाहेर लाइनवर असणार. ताईंनी मला हाताने खूण केली, बसा. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर साहेब म्हणून नाही, नुसता बसलो. पुढची वीस मिनिटं राजधानीचा फोन वाजत होता आणि आम्ही दोघांनी तो वाजू दिला. माझी पाचावर धारण बसली होती. ताईंनी पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढल्या आणि सोलायला घेतल्या. पण दोनदा त्यांनी दाणे टाकून सालं वाटीत टाकली.

साडेअकराला काळा फोन वाजला.

‘ताई, अकरा वाजले,’ दादा म्हणाले. ‘चारही माणसं उतरली. शेवटचा आत्ता पाच मिनिटांपूर्वी उतरला, नट जाम झाला होता. परमिट परत घ्या.’

‘परत घेतलं, दादा,’ ताई म्हणाल्या. पट्टी सोडली, चावी लावली, ब्रेकर लावला. बाहेर यार्डात धाडकन आवाज झाला आणि काटे वर सरकले. सहा देशांचा बाजार अर्धा तास उशिरा सुरू झाला. नंतर कळलं, तिकडे तेवढ्यात मंत्र्यांना चहा दिला होता. मी मात्र भिंतीवरच्या त्या गोल फिकट डागाकडे बघत होतो, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

चौकशी झाली. मुख्य अभियंत्यांनी मला बोलावून समजावलं की अहवालात घड्याळाचा विषय आणायची गरज नाही, नव्या व्यवस्थेचं उगाच नाव खराब होतं. आज्ञाभंग, एवढं पुरे. मी घरी येऊन अहवाल लिहिला. वेळ मी चुकीची भरली, असं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि खाली सही ठोकली. तो अहवाल कुठल्या खणात गेला ते मला आजतागायत कळलेलं नाही. मला एक मेमो मिळाला. पलीकडच्यांनी मात्र लेखी कळवलं की आवाज ऐकल्याशिवाय आम्ही लाइन घेणार नाही आणि देणारही नाही. म्हणून काळा फोन राहिला. घड्याळ मीच कपाटातून काढून त्या डागावर परत लावलं.

तीन आठवड्यांनी, दुपारी सव्वाबाराला, ताईंचा आदेश आला. मीटरच्या भांडारात बदली, तत्काळ कार्यमुक्त. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई, तिला गंजक्या मीटरांवर नंबर टाकायला बसवणार. आदेश घेऊन नवा ऑपरेटरच आला होता. भला माणूस होता, दारातच अवघडून उभा राहिला.

ताईंनी आदेश वाचला आणि खटक्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशीही लाइन बंद होती, पट्टी बांधलेली होती. दादांनी सकाळी लाइन घेतली होती, तीनपर्यंत, त्यांच्या तीनपर्यंत.

‘माझ्या नावावर चार माणसं चढलीयत,’ त्या म्हणाल्या. ‘ती उतरेपर्यंत मी कार्यमुक्त होत नाही.’

मी वर फोन केला. उत्तर आलं, परमिट नव्या माणसाच्या नावावर करून घ्या.

‘माणसं म्हणजे काय टेबल-खुर्च्या आहेत, चार्ज देताना यादीवर लिहून द्यायला?’ ताई म्हणाल्या. मी तेच शब्द, एकही न गाळता, वर सांगितले. या वेळी माझी जीभ जड झाली नाही. पलीकडून फोन आपटला गेला.

मग मी आणखी एक गोष्ट केली. ताई यार्डात गेल्या होत्या तेवढ्यात काळा फोन उचलला आणि दादांना सांगितलं, आज ताईंचा शेवटचा दिवस आहे. ते एवढंच म्हणाले, बरं.

नवा ऑपरेटर स्टुलावर बसून राहिला. ताईंनी त्याला यार्डभर फिरवून कुठे हात लावायचा नाही ते दाखवलं. मग खुर्चीत बसून दर तासाचे आकडे स्वतः भरले, नेहमीच्या मोठ्या वळणदार अक्षरात.

साडेतीनला फोन वाजला. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

‘ताई, तीन वाजले,’ दादा म्हणाले. ‘माणसं आज लवकर उतरवली आणि गाडीत घालून इथे आणलीयत. परमिट तेच परत करतील. घ्या.’

‘उतरलो, ताई,’ एक आवाज म्हणाला. मग दुसरा. मग तिसरा, तो जरा खोकला. चौथा फोनवर आला आणि गप्प राहिला.

‘बोल,’ ताई म्हणाल्या.

‘त्या दिवशी वर मीच होतो, ताई. नट जाम झालेला.’

ताईंनी डोळे मिटले.

‘आज उतरलास ना?’

‘उतरलो.’

‘मग झालं,’ ताई म्हणाल्या. ‘परत घेतलं.’

त्यांनी पट्टी सोडली, घडी करून टेबलावर ठेवली. चावी फिरवून ब्रेकर लावला, काटे बघितले, चावी परत डबीत टाकली. वहीत दोन्ही घड्याळांच्या वेळा लिहिल्या, सही केली आणि वही नव्या माणसाकडे सरकवली. मग पर्समधून चष्म्याची डबी काढली, चावी काढून माझ्या हातात दिली.

‘घ्या, मागत होतात ना,’ त्या म्हणाल्या. ‘आणि त्या घड्याळाचा सेल सहा महिन्यांनी बदलत जा. ते मागे पडायला लागलं तर कळत नाही, मुळात मागेच असतं.’

मला हसता आलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्या रिकाम्या डबीत ठेवला. सव्वीस वर्षं तिच्यात चावी होती. चष्मा जेमतेम मावला, दोनदा दाबल्यावर झाकण लागलं.