हिंचक्याची उपमा

गुजरातेतल्या एका मराठी संस्थानाच्या राजधानीत, पाणीगेट वेशीच्या आत जगदेवरावांचे घर होते आणि त्या घरात रोज सकाळी साडेसातला इंग्रजीची उजळणी चाले. अंघोळ-पूजा आटोपून जगदेवराव ओटीवरच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसत. समोर त्यांचा मुलगा शरच्चंद्र हात बांधून उभा राही. हिंचका पुढे आला की प्रश्न, मागे गेला की उत्तर. ऑनेस्टी? नाऊन, प्रामाणिकपणा. ब्रेव्ह? अॅडजेक्टिव्ह, शूर. ओबे? इथे शरदचे घोडे अडायचे. मग स्वयंपाकघराच्या दाराशी वाती वळत बसलेल्या अहल्येचे ओठ हलायचे आणि शरदला एकाएकी आठवायचे: व्हर्ब, आज्ञा पाळणे. जगदेवरावांची पाठ दाराकडे असे, त्यामुळे आपला मुलगा थोडा वेळ घेतो पण बरोबर सांगतो, अशी त्यांची खात्री होती.

शरदचे ते मॅट्रिकचे वर्ष. जगदेवराव स्वतः विद्याखात्याच्या कचेरीत कारकून होते. महाराजांनी राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू करून चार वर्षे झाली होती, आणि जे आईबाप मुलींना शाळेत पाठवत नसत त्यांना नोटिसा लिहिण्याचे काम जगदेवरावांच्या मेजावर होते. 'तमारी दीकरी निशाळे आवती नथी, तेनुं कारण लखी जणावो.' तुमची मुलगी शाळेत येत नाही, त्याचे कारण लिहून कळवा, ही ओळ त्यांनी डभोई, सिनोर, पादरा या गावांतल्या कितीतरी घरांना लिहिली असेल. उलट कारणे येत. मुलगी घरकामाला लागते, तिला शिकून कुठे कचेरीत बसायचे आहे, लग्न ठरायचे आहे. त्या प्रत्येकाला द्यायचे उत्तर जगदेवरावांनीच घोटून घोटून तयार केले होते, आणि वरच्या साहेबांनी त्याची तारीफ केली होती.

अहल्या तेरा वर्षांची. कायद्यात मुलींसाठी जे वय घातले होते ते पुरे होईपर्यंत ती मराठी शाळेत गेली, आणि वय भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी जगदेवरावांनी तिचे नाव काढले. माणूस कायद्याला धरून चालणारा! एक दिवस कमी नाही आणि एक दिवस जास्त नाही.

पण अहल्येचे अक्षर मोत्यासारखे होते आणि शरदचे म्हणजे कोंबडीचे पाय. कचेरीत साहेब मसुदा खरडतो आणि सुवाच्य हाताचा कारकून त्याची नक्कल करतो, तीच रीत जगदेवरावांनी घरी लावली. शरदने गुणवंतराय मास्तरांच्या शिकवणीतून सुटे कागद आणायचे आणि अहल्येने दुपारी ते वहीत उतरवायचे. पानावर चार रकाने: शब्द, त्याची जात, अर्थ, वाक्य. शेवटच्या रकान्यात प्रत्येकाने स्वतःचे वाक्य घालावे, पुस्तकातले चालणार नाही, असा मास्तरांचा दंडक होता. शरदला त्याचा कंटाळा. त्याने तो रकाना कधी बहिणीवर सोपवला ते त्यालाही आठवत नव्हते. नक्कल करता करता अहल्या शिकत गेली, हे घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. नक्कल करणाऱ्याला मजकूर कळतो, असे कचेरीत तरी कोण धरून चालतो?

ती वही जगदेवराव रोज तपासत. समास सरळ आहे का, रेघा जिथल्या तिथे आहेत का, कुठे शाईचा डाग तर नाही ना. एकदा अभिमानाने ती त्यांनी कचेरीत नेली. वरिष्ठ दिनकरराव बराच वेळ एकेक पान वाचत राहिले. मग वही मिटून त्यांनी विचारले, ही तुम्ही वाचलीत का? "रोज तपासतो, साहेब," जगदेवराव म्हणाले. दिनकरराव नुसते हसले, आणि ते हसणे जगदेवरावांच्या मनात कुसळासारखे राहून गेले.

त्याच सुमारास तुकोजीरावांकडून अहल्येला मागणी आली. घर तोलामोलाचे, मुलगा बांधकाम खात्यात. तुकोजीरावांनी एवढेच विचारले की मुलीला इंग्रजीचा नाद तर नाही ना. जगदेवरावांनी "छे छे" म्हणून पत्रिका दिली.

त्यानंतरच्या रविवारी गुणवंतराय मास्तर काठी टेकत ओटीवर आले. काखेत शरदने तपासायला दिलेली ती वही. नागरवाड्यातला हा म्हातारा मराठी पोरांना शिकवून शिकवून मराठी बोलायला लागला होता, पण जिभेवर गुजराती तशीच होती. चहा झाला आणि मास्तरांनी सरळ शरदला उभे केले. वहीत सिमिलीचे, म्हणजे उपमेचे, एक वाक्य होते. त्याचा अर्थ सांग म्हणाले. शरद वाक्याकडे पाहत राहिला, मग पायांकडे. शेवटी हळूच म्हणाला, "सर, वाक्यं माझी नाहीत. सगळी अहल्येची आहेत."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना ते केव्हाच कळले होते. सोळा वर्षांचा मुलगा चुलीच्या धुराची आणि निवडायच्या तांदळाची वाक्ये कशाला करील? ते जगदेवरावांकडे वळले. "जगदेवराव, मी वाचू? मराठीत सांगतो, म्हणजे वहिनीसाहेबांना पण समजेल."

त्यांनी पान उघडले. शब्द होता ऑर्डर, जात नाऊन, अर्थ हुकूम. पुढे वाक्य: 'माझे वडील प्रत्येक मुलीने शाळेत जावे असा हुकूम लिहितात. त्यांची लेखणी मी साफ करते.'

दाराशी अहल्या आणि तिची आई उभ्या होत्या. आईने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी आणखी काही पाने उलटली आणि उपमेचे वाक्य वाचले: 'आमचे घर आमच्या हिंचक्यासारखे आहे. ते पुढे जाते, पण निघाले त्याच जागी परत येते.'

जगदेवरावांनी पाय टेकून हिंचका थांबवला. हीच वही त्यांनी कचेरीभर मिरवली होती! दिनकररावांनी हेच वाचले होते! त्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले. पहिल्यांदा रागच आला. ते म्हणाले की मुलीची जात, उद्या लग्न व्हायचे, तिला इंग्रजी शिकून कुठे कचेरीत बसायचे आहे.

मास्तर शांतपणे म्हणाले, "बराबर. डभोईचा कणबी पण हेच लिहितो ना? त्याला तुम्ही काय जवाब देता, भाऊ? तोच मला द्या. मी उठून जातो."

तो जवाब जगदेवरावांना तोंडपाठ होता. कन्या शिकली तर दोन कुटुंबे सुधारतात, तिचे शिक्षण रोखणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि राज्याच्या प्रगतीला... पण स्वतःच्या ओटीवर, स्वतःच्या मुलीसमोर, त्यातला एक शब्द तोंडातून फुटेना.

"तुमचा हुकूम डभोईला पोचतो," मास्तर म्हणाले, "पण ओटीवरून रसोड्यात नथी पोचत. छोकरीनं तीन वर्ष चोरून शिकलं. चोरी तिची नाय, तुमची. जूनमध्ये कन्याशाळेत इंग्रजीचा वर्ग उघडतो. मी तिचं नाव सांगून आलोय. सही बापाची लागते."

मास्तर गेले. जगदेवराव वही घेऊन बसले आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत पहिल्या पानापासून वाचत राहिले. त्यांचे स्वतःचे इंग्रजी कचेरीपुरते, दोन ठिकाणी त्यांना अर्थच लागला नाही. त्यांनी अहल्येला हाक मारली. ती आली तीच डोळे पुसत.

"नाना, ते हिंचक्याचं पान मी फाडून टाकते."

"फाडू नकोस," जगदेवराव म्हणाले. "ते खरं आहे तोवर राहू दे. खोटं करायचं काम माझं." मग थोडे थांबून, अवघडून, त्यांनी एका शब्दावर बोट ठेवले. "आणि याचा अर्थ काय, ते सांग मला."

हे वाक्य उच्चारताना त्यांना जेवढे जड गेले तेवढे आयुष्यात काहीच गेले नसेल. अहल्या आधी दचकली, मग जमिनीवर बसून समजावून सांगू लागली.

दुसऱ्या दिवशी जगदेवराव तुकोजीरावांकडे गेले आणि मुलीला इंग्रजी येते, यापुढे अधिक येईल, लग्नाची घाई नाही, असे स्पष्ट सांगून आले. चार दिवसांत पत्रिका परत आली. घरात थोडी रडारड झाली, आळीत बरीच कुजबुज झाली. जगदेवरावांनाही दोन रात्री झोप लागली नाही, कारण तोलामोलाचे घर हातचे जाणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण अर्जावर सही त्यांनी केली, आणि सही करण्याआधी लेखणी स्वतः धुऊन पुसून घेतली.

जूनपासून साडेसातच्या उजळणीला हिंचक्यासमोर दोघे उभे राहू लागले. शरदला अडले की बहीण आता मोठ्याने सांगे. त्यामुळे शरदलाही लाज वाटून तो अभ्यासाला लागला, आणि आपली वही आपल्याच वाकड्या अक्षरात लिहू लागला.

वाचकहो, सुधारणा दुसऱ्याच्या दारावर चिकटवणे फार सोपे असते. आपण सभेत भाषणे करतो, कचेरीत हुकूम लिहितो, आणि घरी येऊन उजळणी घेताना पाठ स्वयंपाकघराकडे करून बसतो. आपल्याही घरात अशी एखादी वही असेल. तिचे अक्षर पाहून शाबासकी देऊ नका, ती वाचा. वाचून लाज वाटली तर पान फाडू नका. त्यावर लिहिलेले खोटे ठरेल असे वागा!