बळदाजवळचं हसू

उस्मानिया विद्यापीठात मी रसायनशास्त्र उर्दूतून शिकलो. बी.एस्सी. झालो, पण इंग्रजी कच्चं राहिलं. सरकारी प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केल्यावर ते नडणार हे उघड होतं. म्हणून १९४८च्या उन्हाळ्यात मी आखाडा बाळापूरला थोरल्या बहिणीच्या, शकुअक्काच्या घरी राहून एक जुना इंग्रजी कोश वाचत होतो. हसण्याला त्यात डझनभर शब्द निघाले, बहुतेक आवाजावरून पडलेले. ‘कॅकल’ म्हणजे अंडं घातल्यावरचा कोंबडीचा कलकलाट आणि तसलंच हसणं. ‘चकल’ही कोंबडीच्याच चक्‌चक्‌वरून आलेला, त्याचा अर्थ तोंड मिटून स्वतःशी हसणं. ‘गिगल’, म्हणजे खुदुखुदू हसणं, मात्र एकट्याने होत नाही. हे कोशात नव्हतं, माझा अंदाज होता.

अंदाज तपासायला मी वही केली. वार, वेळ, जागा, कोण हसलं, कोणतं हसू, सोबत कोण.

‘सोबत कोण’ या रकान्यात तीनदा ‘कोणी नाही’ आलं. तिन्ही वेळा भर दुपार, तिन्ही वेळा अक्का, आणि तिन्ही वेळा जागा बळदाजवळ. बळद म्हणजे भिंतीतच बांधलेली धान्याची अंधारी कोठी. वर माणूस उतरेल एवढं तोंड. हसू मात्र गिगल.

अक्काचा नवरा दगडोबा चार महिन्यांपासून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांबरोबर पैनगंगेपलीकडे आहे, असं ती सांगायची. त्याच्या नावाने वॉरंट निघालं होतं.

“अक्का, कोनासंगं हसलीस?”

“मांजर आलतं.” तिने पदराला हात पुसले. “अन् तू काहून लिहून राहिलास?”

ती माझ्याकडे बहिणीसारखी बघत नव्हती. निजाम सरकारची नोकरी मागणाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. मीही त्या दिवसापासून भाकरी मोजू लागलो. आम्हा दोघांना चार पुरत, थापल्या जात होत्या सात.

आठवड्याने माझ्या चालचलनाच्या चौकशीला पोलिसांचे अमीनसाहेब आले. त्यांना इंग्रजी येत होतं. आपली हुशारी दिसावी म्हणून मी वही पुढे केली, आणि ती हातातून सुटल्यावर मला कळलं की आपण काय दिलं. त्यांनी पानं सावकाश वाचली. एका रकान्यावर बोट थांबलं.

“बहीण तुमची तीनदा एकटीच हसली?”

“एकटी नाही, साहेब. मी होतो. मीच शब्द सांगून हसवत होतो. प्रयोग करणाऱ्याचं नाव रकान्यात येत नाही.”

“मग हसवा की. आम्ही पण बघू.”

अक्काला बोलावलं. ती चौकटीला धरून उभी राहिली. तिचं सगळं लक्ष मागे होतं. मी ‘टिटर’ वाचला, ‘गफॉ’ वाचला, अर्थ सांगितले. ती कशीबशी हसली, खोकल्यासारखी.

“हे हसू तर वहीत न्हाई,” अमीन म्हणाले.

मी टोपी काढून ठेवली. धोतर वर खोचलं, उकिडवा बसलो, कोपरांचे पंख केले आणि अंडं घातलेल्या कोंबडीसारखा ओरडत अंगणभर फिरलो. खरी कोंबडी घाबरून कणगीवर चढली. अक्काने तोंडात पदर कोंबला. तरी हसू फुटलंच, बारीक, खुदुखुदू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं भीतीचं किती आणि माझं किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

अमीनांनी शब्दावर बोट ठेवलं. “गिगल. बराबर.”

ते उठले. नोकरीबद्दल काही बोलले नाहीत. वही मात्र काखेत मारली. “वाचायला नेतो. वेळ, जागा, सगळं नीट लिहिलंय तुम्ही.”

घोड्याच्या टापा दूर गेल्या, तसा बळदातून आवाज आला. तोंड मिटून हसल्याचा, पुरुषाचा. भाऊजींनी कोंबडी ऐकली होती.

“वही कुठंय?” अक्काने विचारलं.

“घेऊन गेला.”

बळदातलं हसू थांबलं. अक्काने अंगणाच्या दाराला आतून कडी घातली.

“संतू,” ती म्हणाली, “गोठ्यातली शिडी आन.”