खुळखुळणारी डिस्क

गाडीत कुठे खुळखुळ झाली की काकांचं डोकंच फिरायचं. पुतणीने आपल्या रेसच्या गाडीला दोन भागांच्या ब्रेक डिस्क बसवल्या आणि ती जेवायला गेली, तेवढ्यात काकांनी त्या हलवून पाहिल्या. मधल्या ॲल्युमिनियमच्या भागावर बाहेरचं लोखंडी कडं किंचित हलत होतं. झालं! त्यांनी फटीफटीत पातळ पत्रा ठोकून आवाज बंद करून टाकला.

परत आल्यावर पुतणीने डिस्क हलवली. आवाज नाही. तिने पाना उचलला.

"अगं, खुळखुळ्यासारखी वाजत होती! लोक माझ्या गॅरेजला नावं ठेवतील."

"ठेवू देत. तापलं की कडं फुगतं, काका. त्याला जागा नको?"

"मग आजवर मी काय गोट्या खेळत होतो?"

"आधीची अखंड डिस्क अशीच गप्प होती," पहिला पत्रा उपटत ती म्हणाली. "तापून वाकडी झाली, आणि मी गाडीसकट भिंतीवर आदळले."

काकांची नजर तिच्या मनगटावरच्या टाक्यांवर गेली. त्यांनी पक्कड घेतली आणि ते दुसऱ्या बाजूच्या डिस्कपाशी बसले. शेवटचा पत्रा निघाल्यावर त्यांनी स्वतःच कडं हलवून कान लावला.

"वाजतंय," ते म्हणाले. "आता जा."