सरळ न गेलेली धमनी

मित्रांनो, मी एक वयस्कर आणि बऱ्यापैकी वाकडी धमनी आहे. बसस्थानकावर गाड्यांची नावं पुकारणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात, उजव्या बाजूला, माझा मुक्काम असतो. बाईंचं आणि माझं वय एकच. त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, पण हे मी सांगितल्याचं त्यांना कळू देऊ नका.

आमचं घराणं मोठं. हृदयातून निघणारी महाधमनी ही आमची पणजी. तिच्यापासून आजी, आजीपासून आई. डाव्या बाजूला ही मधली आजीच नसते, तिथे कारभार थेट पणजीशी. जबड्याच्या खाली आईचे दोन फाटे होतात. एक माझी बहीण, दुसरी मी. बहीण चेहऱ्याकडे जाते आणि जिभेला, गालाला, ओठाला, जो भेटेल त्याला वाटत सुटते. मी मेंदूकडे जाते. मानेतल्या वाटेवर मी कुणाला थेंबभरही देत नाही. कंजूष म्हणतात, म्हणोत बापडे.

बाई त्यांच्या आईच्या पोटात असतानाच मी घडले. त्या अंधारात रक्तवाहिन्यांच्या कमानी उभ्या राहतात. काही टिकतात, काही विरून जातात. तिथे ना नकाशा, ना मुकादम. मग इवलंसं हृदय गळ्याजवळून छातीत उतरतं आणि उतरताना आम्हाला दोरीसारखं ओढून सरळ करतं. इतकं सगळं कुणी न सांगता बहुतेकांच्या बाबतीत जवळपास सारखंच होतं, याचं मला अजून नवल वाटतं. या ‘जवळपास’मध्येच सगळी गंमत आहे. कुणाच्या श्वासनळीपुढून एक जादा धमनी चढते. कुणाचे फाटे वर फुटतात, कुणाचे खाली. माझ्या बाबतीत ओढ जरा कमी पडली. मी वळसा घेतला आणि घशाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकले. पुढे बाईंचा रक्तदाब वाढला, तसा माझा वळसाही वाढला.

पुस्तकातल्या चित्रात मात्र माझ्या नावाची धमनी ताठ उभी असते, शाळेच्या फोटोला उभं केल्यासारखी. माझ्यासारखीची दखल असलीच तर खाली, बारीक अक्षरात.

तक्रार नव्हती. बाई पुकारत होत्या, मी त्यांच्या आवाजामागे रक्त वाहून नेत होते. उशिरा येणाऱ्या गाड्यांबद्दल त्या रोज क्षमा मागत. मला उशीर करून चालण्यासारखं नव्हतं.

एकदा बाईंना ताप आला आणि घसा धरला. पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं. यजमान त्यांना घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हाताने चपळ आणि निदानाने त्याहून चपळ. त्यांनी पट्टीने जीभ दाबली, दिवा रोखला, आणि पातळ पडद्यातून माझ्यावर लालसर उजेड झिरपला. तेवढा उजेड मी कधीच पाहिला नव्हता. मी भारावून बघत राहिले. त्यांनी मला बघितलं आणि त्या मला गळू समजल्या.

मागच्या भिंतीत पू साठलाय, असं त्यांनी सांगितलं. छोटीशी चीर द्यायची, पू निघून जाईल, संध्याकाळी घरी. यजमानांना घाईचं सगळंच पटतं. ते म्हणाले, एक घाव दोन तुकडे करून टाका. घशात बधिर करणारा फवारा बसला. ट्रेमध्ये पातं ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मित्रांनो, त्या पात्याने मला चिरलं असतं, तर बाई त्या खुर्चीतून उठल्या नसत्या. आणि मला ओरडता येत नाही. मला एकच गोष्ट येते. ती मी करत राहिले.

डॉक्टरीणबाईंना त्यांच्या गुरूंनी एक सवय लावली होती: पात्याआधी बोट. त्यांनी हातमोज्यातलं बोट आत घालून माझ्यावर टेकवलं. खाली ठोका लागला. पण घाईत असलेल्या माणसाचं स्वतःचं बोटही ठोके देतं.

त्यांनी बाईंना विचारलं, “हा ठोका माझा की तुमचा?”

बाईंचं तोंड उघडं, त्यात बोट. त्या काय सांगणार?

मग डॉक्टरीणबाईंनी दुसरा हात नर्सबाईंपुढे धरला आणि म्हणाल्या, “माझी नाडी बघा. आणि ट्रेवर वाजवून दाखवा.”

नर्सबाई ट्रेवर वाजवू लागल्या. टक टक टक टक. डॉक्टरीणबाईंचं काळीज पळत होतं. बाईंना ताप होता, त्यामुळे मीही घाईत होते, पण माझी चाल माझी होती. ट्रेवरची टकटक पुढे गेली, मी मागे राहिले.

बोट क्षणभर तसंच राहिलं. माझ्यावर इतक्या हळुवारपणे कुणी हात ठेवला नव्हता.

“पातं उचला इथून,” त्या म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी बाईंकडे बघितलं. “हे गळू नाही. मेंदूकडे जाणारी धमनी आहे. चुकत होते मी.”

यजमान बायकोला म्हणाले, “अगं, पण तू आधी सांगायचंस ना.”

बोट निघालं होतं. बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला सांगायला मी कधी आत डोकावले होते?”

नंतर शिरेत औषध सोडून यंत्राने मानेची चित्रं काढली. त्यात मी होते, अख्खी, नदीसारखी वळलेली. डॉक्टरीणबाईंनी माझा वळसा बोटाने गिरवून दाखवला. मला सरळ करता येईल का, असं यजमानांनी विचारलं. गरज नाही, असं उत्तर मिळालं. मात्र पुढे कधीही या घशात नळी घालायची किंवा पातं लावायचं झालं, तर आधी हे चित्र दाखवायचं. घसा साधाच सुजला होता. औषधाने सूज उतरली.

बरं वाटल्यावर बाईंनी आरशासमोर आ केला आणि टॉर्च धरली. पडद्याखाली मी हलत होते. मग टॉर्च विझवून बाई गाड्या पुकारायला गेल्या.

मित्रांनो, तुमच्यातला कुणी उद्या डॉक्टर होईल. चित्रं पाठ कराच, त्यांच्याशिवाय कुणाचं चालत नाही. पण समोरचा गळा ते चित्र बघून घडलेला नसतो. म्हणून पातं उचलण्याआधी बोट टेकवा आणि थोडं थांबा. आत कुणीतरी कामावर असेल.