तेक्लाचा चेहरा

सिनेमावाले आमच्या खाडीकाठी आले तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्याच साली माझी आई, तेक्ला, तापाने गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. मला निकासियामावशीने वाढवलं.

लग्नात गुरांच्या पाण्याची लाकडी डोण उपडी घालून तिच्यावर नाचायची आमची रीत, आणि त्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिनेमावाल्यांनी तिला नाचवलं खरं, पण घेतले फक्त पाय. चेहरा राजधानीतल्या गोऱ्या नटीचा.

चाळीस वर्षांनी शाळेच्या बाईंनी तो सिनेमा कुठूनसा मिळवला. भरदुपारी वर्गाच्या खिडक्यांवर निळ्या चादरी टांगल्या. आत असा उजेड झाला, जणू सगळं गाव पाण्याखाली बसलंय.

पडद्यावर नटी गिरकी घेऊन हसली. मग डोणीवर थिरकणारे काळे पाय दिसले.

"अगं, ही तर निकासियाची वाकडी करंगळी!" मागून कुणी ओरडलं.

"त्या गोऱ्या बाईला पाय मात्र आमचे चालले!" दुसरं कुणी म्हणालं.

सगळे खो खो हसले. मावशी हसली नाही. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"ओब्दुलिया, पाय नको बघूस. डावीकडे बघ."

डोणीमागे एक बाई मान वर करून गात होती. आवाज भलत्याच कुणाचा लावलेला. पापणी लवली आणि ती गेली.

"कोण गं?"

"तुझी आई."

बाईंनी चित्र मागे नेऊन तिथेच थांबवलं. मी जवळ गेले तर नुसते उजेडाचे ठिपके. दोन पावलं मागे सरले, तर आई. तिचं नाक रुंद, पसरट. अगदी माझं. याच नाकापायी मी जन्मभर आरशाशी भांडत आले होते.

मी कोळ्यांच्या होड्या रंगवते. दुसऱ्या दिवशी रंगाचे तेच डबे घेऊन शाळेच्या भिंतीवर आईचा चेहरा काढायला गेले. मावशी खुर्ची टाकून बसली.

"अजून काळी कर. दूध कशाला ओततेस तिच्यात?"

"बरं, बरं. पण उघडं तोंड जमत नाहीये, मावशी. काय गात होती ती?"

मावशीने डोळे मिटले. कडवं आठवायला वेळ लागला. मग ती गायला लागली, आणि तिच्या ओठांकडे बघत बघत मी आईचे ओठ रंगवले.